खिशातलं कटर आणि तांब्याचं पोतं

बाई असून वायरमनचं काम करता, तर सगळ्यात मोठी अडचण कोणती आली, असं मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्याला वाटतं, मी खांबावर चढण्याचं किंवा पुरुषांच्या टोमण्यांचं काहीतरी सांगणार. खांबावर मी चढत नाही, ते लाइनमनचं काम. टोमण्यांची सवय झाली. खरी अडचण होती खिशाची. बायकांच्या ड्रेसला खिसा नसतो.

केडगावात आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी गुंडाळून द्यायची. तेव्हा लोकांचं जुनं तांबंही आम्ही भंगारात विकत घ्यायचो. ते बैठं काम आमचे मालक, म्हणजे माझे मिस्टर, करतात. ते स्वभावानं सावकाश, त्यांना एका जागी बसून तारेचे वेढे मोजायला आवडतं. मला बसवत नाही. म्हणून बाहेरची कामं माझ्याकडं: नदीवरच्या, विहिरीवरच्या मोटारींची जोडणी, स्टार्टर, केबल. भीमेच्या अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. माझं माहेर निमोणं, म्हणजे पलीकडचं. वडीलही हेच काम करायचे, त्यामुळं दोन्ही काठांवर माझी ओळख आहे.

नदीवरच्या मोटारीचं असं असतं की स्टार्टरची पेटी वर काठावर आणि मोटार खाली पाण्यात. मधे लांबच लांब केबल. तिच्या पोटात तांबं. मोटार बिघडली की केबल कापा, सोला, नवा जोड द्या. हे सगळं चिखलात उभं राहून, एका हातानं कशाला तरी धरून करायचं. पक्कडीनं जाड केबल कापायला दोन हात लागतात, आणि माझे हात लहान. करवतीनं कापावं तर वेळ जातो आणि तांब्याचा भुसा जोडात अडकतो. लांब दांड्याचं कटर चांगलं, पण ते पिशवीत राहतं, आणि पिशवी राहते वर काठावर.

मग मी दोन गोष्टी केल्या. शिंप्याकडून सगळ्या कुर्त्यांना उजवीकडं जाड कापडाचा खिसा शिवून घेतला. आणि त्या खिशात मावेल असं कटर शोधायला पुण्याला, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेले. पर्समध्ये केबलचा एक तुकडा नेला होता. दुकानदार जी केबल कापून दाखवतो ती त्याच्या सोयीची असते.

"कुणासाठी हवंय?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्यासाठी."

"म्हणजे मिस्टर वायरमन आहेत का?"

"मिस्टर दुकानात आहेत. वायरमन मी आहे."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सगळ्यात चकचकीत कटर पुढं केलं. मी ते मिटून उजेडासमोर धरलं. पात्यांमधून उजेड दिसत होता, म्हणजे धार धारेला लागत नव्हती. दुसऱ्यानं कापलं, पण तांब्याचे पदर चपटे होऊन फाकले. असं टोक लगमध्ये, म्हणजे तार बसवायच्या धातूच्या टोपीत, जात नाही, मग लोक चार पदर तोडून उरलेले कोंबतात आणि पुढं तो जोड तापून जळतो. तिसरं कटर दिसायला ठेंगणं, लाल मुठीचं. त्यात दात्यांचं चक्र होतं. मूठ दाबली की पातं एक दाता पुढं सरकून तिथंच थांबायचं. हात सैल करायचा, परत दाबायचं. सगळा जोर एकदम लावावा लागत नाही, त्यामुळं लहान हातालाही जाड केबल कापते. मी माझा तुकडा घातला. कट पेढ्यासारखा गोल आला. मिटल्यावर पातं अडकवून ठेवायला खटकाही होता, नाहीतर खिशात उघडलं तर खिसा आणि मांडी दोन्ही फाटायची.

"रबराची मूठ आहे, शॉकसुद्धा लागणार नाही," दुकानदार म्हणाला.

मी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. मूठ मऊ असणं वेगळं आणि वीज अडवणं वेगळं. आधी लाइट बंद करायची, टेस्टरनं बघायचं, मगच कटर लावायचं.

पिशवीत घालताना तो म्हणाला, "हे खूप जातं. पण नेणारे सगळेच वायरमन नसतात हं."

"मग कोण असतात?"

"याचा आवाज होत नाही ना," एवढंच बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मला वाटलं मालाचं कौतुक करतोय.

त्याचा अर्थ मला पलीकडच्या काठावर कळला. गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथं माझी कामं चालू आहेत. त्या गावात नदीवर ओळीनं मोटारी आहेत, आणि त्यांतली पहिली आप्पांची. आप्पा म्हणजे तिथले मोठे बागायतदार. ऊस, कांदा, गावच्या सोसायटीत शब्दाला वजन. माझ्या वडिलांनीच त्यांची पहिली मोटार बसवलेली. मला ते लहानपणापासून "निमोण्याची पोरगी" म्हणतात.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "शोभा, लवकर ये. केबली ग्येल्या."

जाऊन बघते तर आप्पांची आणि शेजारच्या चार-पाच मोटारींची केबल चोरांनी नेलेली. पेटीखाली फक्त वीतभर टोकं लोंबत होती. सगळी मंडळी काठावर जमली होती. कांद्याला पाणी द्यायची वेळ, लाइट दिवसा होती ती वाया चाललेली. मी नवी केबल जोडायला आप्पांच्या पेटीचं टोक नीट कापून घेतलं. तेवढ्यात त्यांचा मुलगा भाऊसाहेब पुढं आला. त्यानं मी कापून टाकलेला तुकडा उचलला आणि दोन्ही बाजूंनी बघितला.

"ताई, जरा थांबा. ह्ये टोक चोरानं कापलेलं. आन् ह्ये तुम्ही आत्ता कापलं. काय फरक हाय का?"

फरक नव्हता. दोन्हीकडं तोच गोल, साफ कट.

"पक्कडीनं असं कापतं का?"

"नाही."

"मग कशानं?"

"कटरनं."

"असलं कटर हितं कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते माझ्या हातातच होतं.

सगळ्यांनी कटरकडं बघितलं. मग आप्पा खेकसले, "भाऊ, जिभंला हाड हाय का तुझ्या? तिच्या बापाच्या हातचं पाणी आपुन अजून पितोय. चल, तिला काम करू दे."

मला त्या क्षणी आप्पांचे पाय धरावेसे वाटले.

पण थोड्याच दिवसांत मी जोडलेली नवी केबलही गेली. आता लोकांचा हिशेब सोपा झाला. नवी केबल कुठं टाकली हे कुणाला माहीत? बाईला. दोन्ही काठांवर कोण फिरतं? बाई. आवाज न करता कापायचं हत्यार कुणाच्या खिशात आहे? मला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, पण गावच्या डेअरीवर दूध घालताना माझीच चर्चा. एकानं पिशवी गेटपाशी ठेवायला सांगितली. दुसऱ्यानं काम चालू असताना उगाच मोबाइल धरून माझं शूटिंग केलं. मी खिशात हात घातला की समोरच्याची नजर खिशाकडं. रुमाल काढायचीसुद्धा चोरी झाली. हळूहळू फोन यायचे थांबले.

मीही काही चांगली राहिले नाही. मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. केबल विकणाऱ्या दुकानदाराचा, कारण चोरी झाली की त्याची विक्री. भाऊसाहेबाचा, कारण तो एवढ्या लवकर तुकडे जुळवायला धावला. मालक रोज सकाळी "आज कुठं काम हाय?" विचारतात, त्याचाही. इतकी वर्षं विचारतात, मग आत्ताच मला का टोचावं? पण टोचलं.

अशातच एका दुपारी यवतवरून काम आटपून दुकानात आले तर कोपऱ्यात खताचं पोतं. तोंड सुतळीनं बांधलेलं. सोडून बघितलं तर तांबं. जाळलेलं, काळपट, अजून धुराचा वास येणारं. मोटारीतली तार एकेरी आणि लाखेच्या थराची असते. केबलमधली बारीक, पुष्कळ पदरांची. पोत्यात केबलची तार होती.

"हे कुणी आणलं?"

मालकांनी वेढे मोजता मोजता मान वर केली. "एक हिंदी बोलणारा माणूस आला व्हता. म्हणला, पुराना तांबा है, देख लो, ठीक लगे तो रख लो. म्या म्हणलं, बायको आल्यावर बघंल. शाम को आता हूँ म्हणून ग्येला."

"नाव?"

"न्हाई विचारलं."

"गाडी?"

"चालत आला व्हता."

"एवढं पोतं घेऊन चालत?"

त्यांनी तारेचा वेढा हातातून सोडला. मी त्यांच्याकडं बघत राहिले. खरं सांगतायत का, की आणखी काही आहे, असं माझ्या मनात आलं आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं.

"शोभे," ते म्हणाले, "माझ्याकडं असं बघू नगंस."

मी नजर काढली. आता पोत्याचं काय करायचं? परत न्यायला तो माणूस येईल याची खात्री नाही. ठेवावं तर चोरीचा माल आमच्या घरात. पोलिसांकडं न्यावं तर पहिला प्रश्न येणार, तुमच्याकडं कसं आलं? आणि दुसरा, खिशात काय आहे? मला एकच माणूस सुचला, माझ्या बाजूनं बोललेला. मी म्हणाले, "आप्पांकडं चला. ज्यांचं गेलंय त्यांच्या पुढ्यातच टाकू."

मोटरसायकलवर मालक पुढं, मी मागं, मधे पोतं. पुलाच्या अलीकडं पोलिसांची गाडी उभी होती. एक हवालदार चहा पीत होता. त्यानं पोत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझा हात आपोआप खिशावर गेला आणि मी तो झटक्यात काढला, कारण खिसा झाकणारा हात जास्त दिसतो. हवालदारानं पेला खाली ठेवला. मालकांनी वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. आम्ही पूल ओलांडला.

आप्पा ओसरीवर बसले होते. भाऊसाहेब शेजारी पेपर वाचत होता. मी पोतं पायरीशी टेकवलं. "आप्पा, हे कुणीतरी आमच्या दुकानात आणून टाकलंय. केबलचं तांबं आहे. तुमचं असंल, न्हाईतर कुणाचं असंल. तुमच्यासमोर उघडते."

आप्पांनी पोत्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते.

तेवढ्यात मालक माझ्या मागून म्हणाले, "अगं, ह्योच त्यो."

अंगणाच्या कडेला एक तिशीतला माणूस ट्रॅक्टर धूत होता. आप्पांकडचा नवा ड्रायव्हर, उत्तरेकडून आलेला. त्यानं आम्हाला बघितलं, पोतं बघितलं आणि पाण्याचा पाइप हातात तसाच धरून आप्पांकडं वळला. "सेठ, मैंने तो वही बोला जो आपने बताया था।"

पाइपातलं पाणी त्याच्या पायावर पडत होतं. भाऊसाहेबानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. आतून चहा आला. कुणी उचलला नाही.

"माझंच तांबं हाय," शेवटी आप्पा म्हणाले. "जुनी केबल जाळली. भाऊ नगं म्हणत व्हता. मीच म्हणलं, घेत्यात का बघू तरी."

"आन् घेतलं असतं तर?"

"पोलीस पाटलाला सांगून ठिवलं व्हतं. सांजच्याला येणार व्हतो."

समोर पायरी होती, पण मी बसले नाही. मला त्यांच्या घरी बसायचं नव्हतं.

"तुम्हीच तर भाऊसाहेबांना गप केलंत त्या दिवशी."

"व्हय. वाटत न्हवतं तू असशील. पर गावातली समदी बोलाया लागली. सोनं बी कसाला लावून घेत्यात, शोभा."

"सोन्याला कळत न्हाई आप्पा, त्याला कसाला लावलंय ते. मला कळलं."

मग मी भाऊसाहेबाकडं वळले. "तुम्ही तोंडावर बोललात. तवा राग आला व्हता. आता वाटतंय, तेच बरं."

त्यानं मान खाली घातली. आम्ही पोतं तिथंच ठेवून निघालो.

पुलावर मालकांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "काटा काढला व्हता म्या. वजन करावं म्हणून. मग म्हणलं, ऱ्हाऊ दे, तू आल्यावर."

किती थोडक्यात वाचलो ते दोघांनाही कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुकानात भंगार घेणं बंद केलं. त्यात काही जुनी, साधी गिऱ्हाइकं दुखावली. अजून कुणी पोतं घेऊन दारात आलं की माझा आवाज आधी चढतो आणि मग मी चेहरा बघते.

आप्पांचे फोन येत होते. मी उचलत नव्हते. कांदा वाळतोय हे मला दुसऱ्यांकडून कळत होतं. मला वाईटही वाटत होतं, पण हात फोनकडं जायचा नाही.

पुढं चोर सापडले. आमच्या, म्हणजे दौंडच्या बाजूला, उसात लपून बसलेले दोघंजण लोकांनी धरले. बाहेरगावचे, एका मोटरसायकलवर दोन्ही काठ फिरणारे. सापडलेल्या वस्तूंचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला. केबलची भेंडोळी आणि त्यावर ठेवलेलं लाल मुठीचं ठेंगणं कटर. अगदी माझ्यासारखं. फोटो बघताना मी खिसा चाचपून बघितला. माझं माझ्याजवळच होतं. तरी बाहेर काढून एकदा बघितलं.

मग फोन सुरू झाले. "ताई, लई दिवस झालं, दिसला न्हाई." जसं काही मी तीर्थयात्रेला गेले होते. ज्यानं पिशवी गेटवर ठेवायला लावली होती त्यानंच फाटकापर्यंत येऊन पिशवी उचलून घेतली. माफी कुणी मागितली नाही. मीही विषय काढला नाही. कामं घेतली. फक्त आप्पांकडं गेले नाही.

एक दिवस आप्पाच दुकानात आले. बाहेर जीपमध्ये भाऊसाहेब बसलेला, खाली उतरला नाही. आप्पांनी मालकांना रामराम केला, बाकावर बसले, पाणी प्याले.

"मोटार बंद हाय," ते म्हणाले. "दुसरा आणला व्हता. त्यानं स्टार्टर जाळला. येतीस का?"

"येते," मी म्हणाले. "पण आधी एक काम तुमचं."

"बोल."

"माझी चर्चा डेअरीवर झाली. पोतं तुमचं व्हतं, हे बी डेअरीवरच सांगायचं. लोक दूध घालायला येतात तवा. मी समोर असताना."

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. त्या गावात आप्पांना असं सांगणारं कुणी नव्हतं. मालकांचा हात वेढे मोजायचा थांबला होता. मला वाटलं, म्हातारा आता उठून जाईल, आणि गेला तरी चालेल.

"उद्या सकाळी ये," एवढंच म्हणून ते उठले.

सकाळी मी डेअरीवर गेले. हातात दुधाची किटली नसलेली मी एकटीच. आप्पा काठी टेकत आले. त्यांनी कुणाला बोलावलं नाही, गोळा केलं नाही. रांगेच्या शेजारी उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शोभाच्या दुकानात तांब्याचं पोतं म्याच ठिवायला लावलं व्हतं. तिनं त्ये ठिवून न घेता माझ्या दारात आणून टाकलं. चूक माझी. कुणाला काय बोलायचं असंल तर मला बोला."

दुधाची फॅट मोजायचं यंत्र तेवढं वाजत राहिलं. एका बाईनं मला हळूच पुढं सरकायला जागा दिली, जसं काही मलाही दूध घालायचं होतं. मी तिथून थेट नदीवर गेले आणि आप्पांचा स्टार्टर उघडला.

आता या गोष्टीलाही काळ लोटला. गाव मला परत मानू लागलं, पण मीच पहिल्यासारखी राहिले नाही. कुणी फार गोड बोललं की मी त्याच्या मागं कोण उभं आहे ते शोधते. हे चांगलं नाही, मला कळतं. वडील असं कधी वागले नव्हते. त्यांना तशी पाळी आली नसावी.

डेअरीच्या त्या दिवसानंतर एक नवंच सुरू झालं. मी काठावर काम करत असले की आप्पा येऊन बसायचे. त्यांचीच मोटार असं नाही, कुणाचीही असो. बाभळीच्या बुंध्याशी, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून. बोलायचे नाहीत. मी काय करते ते बघत राहायचे. मला सुरुवातीला फार राग यायचा. वाटायचं, चारचौघांत बोलले खरं, पण मनातून गेलेलं नाही. मी मुद्दाम त्यांच्याकडं पाठ करून काम करायचे.

मागच्या उन्हाळ्यात एका मोटारीचा तराफा, ज्याला बांधून ती पाण्यात सोडतात तो, गाळात रुतला होता. मी कमरेएवढ्या पाण्यात. ऊन असं की काठावरची माती पायाला भाजत होती. आणि आप्पा बसलेले. या वयात, एवढ्या उन्हात. माझ्यानं राहवलं नाही.

"आप्पा, कशाला येता एवढं? राखण करता का माझी? अजून संशय जात नाही?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. खोटं बोलायचं असतं तर लगेच दिलं असतं.

"पयल्यांदा आलो तवा राखणच कराया आलो व्हतो," ते म्हणाले. "आता घरी करमत न्हाई म्हणून येतो."

मी तराफ्याचा दोर सोडवून त्यांच्या दिशेनं काठावर फेकला. "तर मग नुसतं बसू नका. हा धरा. मी हो म्हणलं की ओढा."

त्यांनी काठी बाजूला ठेवली, उठले, पुढं येऊन दोन्ही हातांनी दोर धरला आणि माझ्या 'हो'ची वाट बघत उभे राहिले.